दुसऱ्या हार्ड डिस्कवरची जुनी विंडोज सुरक्षितपणे कशी काढावी?



आज एका अशा कामाबद्दल लिहिते आहे, जे दिसायला दोन क्लिकचं आहे, पण चुकलं तर दोन दिवस खातं आणि कधी कधी परत न मिळणारी गोष्ट घेऊन जातं. हे मी अनुभवातून सांगते आहे.

आमच्या शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क होती आणि त्यावर विंडोज ७. मशीन फारच हळू चालायला लागलं, म्हणून दुकानातून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली. तिच्यावर विंडोज १० टाकून मिळाली. जुनी हार्ड डिस्क तशीच आत ठेवली, कारण तिच्यात जुना डेटा होता. आजकाल बऱ्याच शाळांत आणि घरांत अशीच रचना आहे. वेगासाठी नवी एसएसडी आणि साठवणीसाठी जुनी हार्ड डिस्क.

अडचण अशी की जुन्या डिस्कवर जुनी विंडोजही तशीच राहते. रोज सकाळी मशीन चालू केलं की स्क्रीनवर प्रश्न यायचा, कोणती विंडोज उघडू? मुलं घाईत चुकीची निवडायची आणि मग "बाई, माझी फाइल गेली!" असा गलका व्हायचा. शिवाय विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तिला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, त्यामुळे ती उघडून इंटरनेट वापरणं धोक्याचं. म्हणून मी ठरवलं, काढून टाकू.

आणि मी काढली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. काळी स्क्रीन आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश. आकारिक चाचण्यांचे गुण भरायचे होते आणि मशीन बंद! नवी विंडोज तर नव्या एसएसडीवर होती आणि तिला मी हातही लावला नव्हता. मग ती का उघडेना?

असं का होतं?

आपण मुलांना समजावतो तसं उदाहरण घेऊ. शाळा नव्या इमारतीत गेली. वर्ग, बाकं, फळे सगळं नवीन. पण मुख्य फाटकाची चावी मात्र जुन्या इमारतीतल्या खिळ्यावरच टांगलेली राहिली. रोज शिपाईदादा आधी जुन्या इमारतीत जातात, चावी घेतात आणि मग नवीन फाटक उघडतात. कोणाच्या लक्षातही येत नाही. एक दिवस जुनी इमारत पाडली की नवीन शाळा धडधाकट असूनही उघडता येत नाही.

कॉम्प्युटरमध्ये ही चावी म्हणजे बूट फाइल्स. मशीन चालू झालं की त्याला आधी या छोट्या फाइल्स लागतात. विंडोज कुठे ठेवलेली आहे हे त्याच सांगतात. विंडोज ७ या फाइल्स साधारणपणे १०० एमबीच्या एका वेगळ्या भागात ठेवते. त्या भागाचं नाव सिस्टिम रिझर्व्ह्ड. नवीन विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर बऱ्याचदा ती स्वतःची नवी चावी करत नाही. जुन्याच भागात आपली नोंद करून टाकते. आमच्याकडे हेच झालं होतं.

गंमत म्हणजे विंडोज मला तो भाग पुसू देत नव्हती. पुसायचा पर्याय फिका दिसत होता. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि जुन्या डिस्कचे सगळे भाग तिथून डिलीट केले. विंडोज नको म्हणत होती ते का, हे मी विचारलंच नाही.

यातून एक सूत्र शिकले, आणि हा पूर्ण लेख त्या एका सूत्राचाच आहे: पुसण्याआधी काढून बघा. जुन्या डिस्कची केबल काढा आणि तिच्याशिवाय मशीन नीट चालतं का ते पाहा. केबल परत जोडता येते. पुसलेलं परत आणता येईलच असं नाही.

आता पायऱ्या क्रमाने बघू.

पायरी १: कोणती डिस्क कोणती, हे ओळखा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा ओळी दिसतील. नंबरावर विश्वास ठेवू नका, नवी डिस्क शून्यच असेल असं नाही. सी, डी, ई या अक्षरांवरही नको. जुन्या विंडोजमध्ये जो सी ड्राइव्ह होता, तोच नव्या विंडोजमध्ये ई किंवा एफ दिसतो.

आकारावरून ओळखा. ५०० जीबीची डिस्क तिथे साधारण ४६५ जीबी दिसते आणि २४० जीबीची २२३ जीबी. घाबरू नका, जागा चोरीला गेलेली नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

आता प्रत्येक भागाच्या चौकोनात कंसात लिहिलेले शब्द वाचा. इथे नावांचा थोडा घोळ आहे. ज्या भागापुढे "बूट" लिहिलंय, तिथे सध्या चालू असलेली विंडोज असते. ज्या भागापुढे "सिस्टिम" किंवा "ईएफआय सिस्टिम पार्टिशन" लिहिलंय, तिथे चावी असते. नावं उलटी वाटतात, पण तशीच आहेत. "सिस्टिम" हा शब्द जुन्या डिस्कच्या ओळीत दिसला तर तिथेच थांबा. तुमची चावी जुन्या इमारतीत आहे.

ओळख पटली की जुन्या विंडोजच्या ड्राइव्हला राइट क्लिक करून रीनेम करा आणि "जुनी विंडोज" असं नाव द्या. पुढे फॉरमॅट करताना हे नाव समोर दिसलं की चूक होत नाही.

पायरी २: डेटा बाहेर काढा, आणि डेस्कटॉप विसरू नका

माझी दुसरी चूक इथे झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

आपल्याकडे सगळे म्हणतात, "डेटा डी ड्राइव्हला आहे, सी उडवला तरी चालतो." मी डी ड्राइव्ह पूर्ण कॉपी केला आणि निश्चिंत झाले. पण डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो! डेस्कटॉपवर आमच्या चौथीच्या मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेल्या त्यांच्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांचं फोल्डर होतं. परिसर अभ्यासाचा उपक्रम होता तो. रोज समोर दिसायचं, म्हणून ते सी मध्ये आहे असं डोक्यातच आलं नाही. लक्षात आलं तोपर्यंत मी त्याच डिस्कवर नव्या फाइल्स भरल्या होत्या. रिकव्हरी सॉफ्टवेअरने थोड्या ओव्या परत मिळाल्या, बऱ्याच मिळाल्या नाहीत. त्यातल्या दोन आज्या आता हयात नाहीत.

म्हणून जुन्या ड्राइव्हमध्ये पुढच्या जागा नक्की तपासा:

१. यूजर्स फोल्डर. यात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज. परवानगी नाही असा संदेश आला तर कंटिन्यू दाबा आणि वाट बघा. एकापेक्षा जास्त वापरकर्ते असतील तर सगळ्यांचं बघा. बदलून गेलेल्या सरांचं खातंही त्यात असतं.

२. ड्राइव्हच्या तोंडाशीच ठेवलेली फोल्डर्स. "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २", "महत्त्वाचे" अशी. आपण सगळेच असं करतो!

३. जुने मराठी फॉन्ट. हे फार महत्त्वाचं. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधीच्या आपल्या प्रश्नपत्रिका, दाखले, स्नेहसंमेलनाचे अहवाल कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. असा फॉन्ट मशीनवर नसेल तर फाइल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं फाइल खराब झाली. फाइल चांगली असते, फॉन्ट जुन्या विंडोजबरोबर गेलेला असतो. म्हणून जुन्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर कॉपी करून ठेवा. त्यातला हवा तेवढाच फॉन्ट नव्या विंडोजमध्ये राइट क्लिक करून इन्स्टॉल करा. सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे महत्त्वाच्या जुन्या फाइल्स आत्ताच उघडून त्यांची पीडीएफ करून ठेवणं. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो.

४. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क. जुन्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फोल्डर कॉपी करून सहसा चालत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. जुनी विंडोज अजून उघडते आहे तोपर्यंत ती एकदा उघडा, कोणत्या साइटचे पासवर्ड साठवलेत ते पाहून वहीत लिहून घ्या, बुकमार्कची फाइल काढून घ्या.

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. कॉपी केलेल्या फोल्डरमधल्या चार-पाच फाइल्स उघडून बघा. फोटो दिसतो का, आवाज वाजतो का, एक्सेलची फाइल उघडते का. आणि ही कॉपी त्याच जुन्या डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवू नका. डिस्क एकच आहे, ती बंद पडली की दोन्ही भाग जातात. एक कॉपी नव्या डिस्कवर आणि एक बाहेर, म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्हवर.

पायरी ३: केबल काढून परीक्षा घ्या

आता मुख्य पायरी. शट डाउन करताना कीबोर्डवरचं शिफ्ट बटण दाबून धरा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होईल. विंडोज ८ पासून साध्या शट डाउनमध्ये मशीन बऱ्याचदा अर्धवट झोपतं, आणि तशा अवस्थेत डिस्क काढणं बरं नाही. मग भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. जुन्या हार्ड डिस्कला दोन केबल असतात. एक अरुंद डेटाची आणि एक रुंद विजेची. दोन्ही अलगद सरळ ओढून काढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, परत जोडताना उपयोगी पडतो.

दोन सूचना. लॅपटॉप असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. आणि मशीनवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. काही वेळा असा बदल झाला की मशीन ती मागतं.

आता मशीन चालू करा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

*नवी विंडोज नेहमीसारखी उघडली.* उत्तम! चावी नव्या इमारतीतच आहे. पण लगेच पुसायची घाई नको. आठ दिवस तसंच वापरा. प्रिंटर चालतो का, गुणपत्रकाची फाइल उघडते का, एखादा प्रोग्रॅम "फाइल सापडत नाही" म्हणतो का, ते बघा. कधी कधी प्रोग्रॅम नव्या विंडोजमधून चालतो, पण त्याचा डेटा जुन्या डिस्कवर असतो. आठ दिवसांत असं काही असेल तर बहुतेक वेळा समोर येतंच.

*दोन विंडोजची यादी आली, पण नवी निवडल्यावर ती उघडली.* हेही ठीक. यादीतली जुनी ओळ फक्त पुसायची आहे. ते पाचव्या पायरीत बघू.

*काळी स्क्रीन आली, बूट डिव्हाइस नाही असा संदेश आला.* घाबरू नका. काहीही गेलेलं नाही. मशीन बंद करा, केबल परत जोडा, सगळं पूर्वीसारखं होईल. फक्त आता तुम्हाला कळलं की चावी जुन्या डिस्कवर आहे. माझ्या बाबतीत ही माहिती केबल काढून पाच मिनिटांत मिळाली असती. मी ती दोन दिवस घालवून मिळवली.

या तिसऱ्या प्रकारात नव्या डिस्कवर बूट फाइल्स तयार कराव्या लागतात. जुनी डिस्क काढलेली ठेवून विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करतात आणि स्टार्टअप रिपेअर किंवा बीसीडीबूट नावाच्या कमांडने हे काम होतं. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये नव्या डिस्कचा संबंधित भाग ॲक्टिव्हही करावा लागतो. सवय नसेल तर दुकानातल्या मुलाकडून करून घ्या. पण त्याला नेमकं सांगा, "जुनी डिस्क काढून ठेव, बूट फाइल्स नव्या डिस्कवर घे आणि जुनी डिस्क न जोडता मशीन चालू करून दाखव." एवढं सांगितलं तर तो मशीन पूर्ण फॉरमॅट मारून देणार नाही. आमच्याकडेही शेवटी हेच करून मशीन सुरू झालं.

पायरी ४: आता फॉरमॅट करा

आठ दिवस नीट गेले, की मशीन बंद करून जुनी डिस्क परत जोडा. कधी कधी डिस्क जोडल्यावर मशीन थेट जुनी विंडोज उघडतं. तसं झालं तर बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये नवी डिस्क पहिली करा.

विंडोज फोल्डर उघडून त्यातल्या फाइल्स हाताने डिलीट करत बसू नका. त्या फाइल्सना विंडोजने कुलूप लावलेलं असतं, शंभर वेळा परवानगी मागते, आणि कुलूप तोडण्याच्या नादात चुकून चालू विंडोजच्या फाइल्सना हात लागला तर नवंच संकट. फॉरमॅट हा सरळ रस्ता आहे.

धिस पीसीमध्ये "जुनी विंडोज" नावाच्या ड्राइव्हवर राइट क्लिक, मग फॉरमॅट. फाइल सिस्टिम एनटीएफएस ठेवा, क्विक फॉरमॅटवर खूण असू द्या. स्टार्ट दाबण्याआधी नाव आणि आकार मोठ्याने वाचा. हो, मोठ्याने! मुलांना आपण गणित वाचायला लावतो तसंच. मग स्टार्ट.

त्याच डिस्कवरचा जुना डी ड्राइव्ह तसाच राहतो, त्याला धक्का लागत नाही. काही जणांना वाटतं दोन्ही भाग जोडून एकच मोठा ड्राइव्ह करावा. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये एखादा भाग फक्त त्याच्या उजवीकडच्या लगतच्या रिकाम्या जागेत वाढवता येतो आणि जुना सी बहुधा डी च्या डावीकडे असतो. तेव्हा दोन ड्राइव्ह राहू द्या. एकात विद्यार्थ्यांचं काम, दुसऱ्यात कार्यालयीन कागद.

आणि कोणताही पर्याय फिका दिसला, किंवा हा सिस्टिमचा भाग आहे, फॉरमॅट करता येणार नाही असा संदेश आला, तर थांबा. तिसऱ्या पायरीकडे परत जा. १०० एमबीचा छोटा भाग नको असला तरी राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

पायरी ५: यादीतली जुनी ओळ काढा

स्टार्टच्या शोधपट्टीत सिस्टिम कॉन्फिगरेशन शोधून उघडा. बूट टॅबवर जा. तिथे दोन्ही विंडोजची नावं दिसतील. जिच्यापुढे करंट ओएस लिहिलंय तिला हात लावायचा नाही. दुसरी निवडा, डिलीट करा, ॲप्लाय करा आणि मशीन रीस्टार्ट करा. सकाळचा तो प्रश्न कायमचा बंद.

डिस्क भंगारात किंवा दुसऱ्याला देणार असाल तर

क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच असतात, म्हणून तर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालतं. शाळेच्या डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे फोन, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे तपशील असतात. अशी डिस्क बाहेर देताना क्विक फॉरमॅटवरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, आणि त्या डिस्कवरच्या प्रत्येक भागाचा करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये त्या भागावर शून्यं लिहिली जातात. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. वीज जाण्याची भीती असेल तर मात्र दिवसा, डोळ्यांसमोर.

याउलट, काही चुकून पुसलं गेलं तर त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका. मशीन बंद करा आणि जाणकाराला दाखवा. त्यावर जितकं नवीन लिहाल, तितकं जुनं मिळणं अवघड होतं.

थोडक्यात

* डिस्क आकारावरून ओळखा, ड्राइव्हला नाव द्या.
* डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फॉन्ट, पासवर्ड आठवणीने घ्या. कॉपी उघडून तपासा.
* केबल काढा, आठ दिवस तिच्याशिवाय वापरा.
* मगच फॉरमॅट, मग यादीतली ओळ.
* विंडोज नको म्हणाली तर आधी कारण शोधा.
* पुढच्या वेळी नवीन विंडोज टाकतानाच जुनी डिस्क काढून ठेवायला सांगा. मग चावीचा प्रश्नच येत नाही.

विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे अनेक घरांत आणि शाळांत पुन्हा नवी डिस्क, नवी विंडोज असं चालू होईल. नावं बदलतील, पायऱ्या याच राहतील.

आमच्या चौथीच्या मुलांना यंदा परत आज्यांकडे पाठवलं आहे. आत्तापर्यंत सतरा ओव्या जमा झाल्या. त्या शाळेच्या मशीनवर आहेत, एक्स्टर्नल डिस्कवर आहेत आणि माझ्या घरच्या लॅपटॉपवरही आहेत. डेस्कटॉपवर मात्र एकही नाही.